धावून जाणाऱ्यांनी आपसात कसे बोलावे?

उल्हास नदीचे पाणी चढू लागले की दहिवली-कर्जत परिसरातील मोबाइल रात्रभर वाजत राहतात. पूल पाण्याखाली गेला का, लोकल कुठवर धावते आहे, कुणाच्या घरात म्हातारे माणूस एकटे आहे, दोर कुणाकडे आहे, अशा विचारणा एकामागून एक सुरू होतात. त्यांना उत्तर देणारे बहुतेक सारे आपापल्या पोटापाण्याच्या उद्योगात असलेले लोक असतात. कुणी शिक्षक, कुणी रिक्षाचालक, कुणी रोज मुंबईची गाडी पकडणारा चाकरमानी. त्यांना या कामाचा पगार नाही, गणवेश नाही आणि पुष्कळदा विम्याचे संरक्षणही नाही. कर्जत आणि खालापूर या दोन डोंगरी तालुक्यांत स्वयंसेवकांचे असे मदतगट ही आता एक अनौपचारिक यंत्रणाच होऊन बसली आहे. तिच्या धाडसाविषयी वृत्तपत्रांतून लिहिले जाते. तिच्या आपसातील बोलण्याविषयी मात्र सहसा कुणी लिहीत नाही, आणि ही यंत्रणा झिजते ती नेमकी तिथेच.

या मंडळींच्या कामाचे मोल किती, हे सांगायला अलीकडचेच दाखले पुरेत. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान उल्हास नदीच्या पुरात अडकली आणि सुमारे १,०५० प्रवाशांना सुखरूप बाहेर काढावे लागले. नौदल आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या बरोबरीने आसपासचे गावकरीही त्या कामात होते. १५ एप्रिल २०२३ च्या पहाटे गोरेगावच्या ढोल-ताशा पथकाची बस बोरघाटात शिंगरोबा मंदिराजवळ दरीत कोसळून १३ जणांचा मृत्यू झाला, तेव्हा दोर लावून खाली उतरणाऱ्यांत परिसरातील गिर्यारोहक होते. त्यानंतर तीनच महिन्यांनी, १९ जुलै २०२३ च्या रात्री, इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गेली.

इर्शाळवाडीला गाडीरस्ता नव्हता. भर पावसात, अंधारात, निसरड्या पायवाटेने चढून जावे लागत होते. खराब हवामानामुळे हेलिकॉप्टर उतरू शकले नाही, यंत्रे वर नेता आली नाहीत. जे काही खणले गेले ते मुख्यत्वे कुदळ-फावड्याने आणि हातांनी. खोपोलीच्या यशवंती हायकर्ससारख्या संस्थांचे गिर्यारोहक तिथे पोहोचले, कारण त्यांना वाट ठाऊक होती आणि निरोप मोबाइलवरून तत्काळ फिरला होता. चढताना नवी मुंबई अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराच्या झटक्याने मृत्यू झाला. चार दिवसांच्या शोधानंतर, २३ जुलै रोजी काम थांबवण्यात आले तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते आणि ५७ माणसे बेपत्ता होती. ठाकर आदिवासींची एक वाडी जवळजवळ पुसली गेली.

असे काही पाहून परतलेली माणसे पुन्हा मोबाइल उघडतात, तेव्हा तिथे त्यांची वाट काय पाहत असते? कोण आधी पोहोचले यावरून वाद. कुणाच्या संस्थेचे नाव बातमीत आले आणि कुणाचे राहून गेले याचे हिशेब. ‘आम्ही चिखलात होतो तेव्हा तुम्ही कुठे होतात?’ असा सवाल. घरी बसून सूचना करणाऱ्यांची चीड, आणि प्रत्यक्ष गेलेल्यांच्या तोऱ्याची चीड. हे चित्र कुणा एका गटाचे नाही. रक्तदान, सर्पमित्र, अपघातमदत, वृक्षलागवड, पूरग्रस्तांसाठी धान्य गोळा करणे, काम कुठलेही असो, ज्याने अशा गटात वर्षभर काढले आहे त्याला यातले काही ना काही ओळखीचे वाटेलच.

महाजालावर माणसे अशी का वागतात, याचे एक उत्तर अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ साली दिले होते. समोरचा दिसत नाही, आपण कोण हे कळत नाही, उत्तर लगेच ऐकावे लागत नाही. त्यामुळे मनावरचे बंध सैल होतात, असा त्यांच्या विवेचनाचा आशय. मोठ्या शहरांतल्या अनोळखी जमावाला हे लागू पडते. दहिवली-कर्जतसारख्या ठिकाणी मात्र ते अपुरे आहे. इथे कुणीही निनावी नाही. रात्री एकमेकांना नाही नाही ते बोललेले दोघे सकाळी कर्जत स्थानकाच्या फलाटावर समोरासमोर येतात, आणि बहुधा मान खाली घालून पुढे जातात. म्हणजे ओळख असूनही भाषा घसरते. तेव्हा कारणे दुसरीकडे शोधायला हवीत.

पहिले कारण थकवा. दोन रात्री जागलेला माणूस तिसऱ्या दिवशी साध्या शंकेलाही ‘आता हे विचारायची वेळ आहे का?’ असे उत्तर देतो. त्याला उद्धट म्हणणे सोपे आहे. पण त्याला कुणी घरी पाठवले नाही, हा दोष त्याचा एकट्याचा नाही. दुसरे कारण प्रेक्षक. फोनवर दोघांत झालेला मतभेद दोघांतच मिटतो. अडीचशे जणांसमोर झाला की माघार घेणे म्हणजे हार ठरते. तिसरे कारण आपल्या भाषेच्या वळणाचे आहे. तिरकस बोलणे हा मराठी माणसाचा हातखंडा. ‘वा, फारच लवकर आलात!’ हे वाक्य चहाच्या टपरीवर हसण्यावारी जाते, कारण डोळे आणि आवाज अर्थ सांगत असतात. पडद्यावर उरतात फक्त अक्षरे. २००५ साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात ई-मेलमधील उपरोध समोरच्याला कितपत कळतो हे तपासले गेले. पाठवणाऱ्यांना आपला सूर बहुतेक वेळा ओळखला जाईल असा भरवसा होता. वाचणाऱ्यांचे अंदाज प्रत्यक्षात नाणेफेकीपेक्षा थोडेच बरे निघाले. व्हॉट्सअॅपवरचा निरोप तर ई-मेलहूनही तोकडा.

चौथे कारण सहसा बोलले जात नाही. या दोन तालुक्यांत मूळचे शेतकरी आहेत, आगरी आहेत, ठाकर आणि कातकरी आहेत. गेल्या काही वर्षांत नव्या इमारतींत राहायला आलेली मुंबई-ठाण्याची कुटुंबे आहेत, शनिवार-रविवारी येणारे फार्महाउसचे मालक आहेत. संकटात ही सारी माणसे एका गटात येतात, पण आपापली पायरी सोबत घेऊन. पन्नाशीच्या ठाकर गृहस्थाला सहज ‘तू’ म्हटले जाते आणि काल आलेल्या तिशीतल्या बंगलेवाल्याला ‘साहेब’. रानवाट ज्याला पाठ आहे तो फार लिहीत नाही. लिहिले तर ऱ्हस्व-दीर्घ चुकते, मग कुणीतरी त्यावर हसरा चेहरा टाकतो. तो पुढच्या वेळी लिहीत नाही. ध्वनिमुद्रित निरोप पाठवावा तर ‘टाइप करा, ऐकायला वेळ नाही’ असे बजावले जाते. ओढ्याला पाणी किती आणि कोणती घळ सरकू लागली आहे, हे नेमके त्यालाच माहीत असते. इर्शाळवाडी धोकादायक गावांच्या सरकारी यादीत नव्हती, हे दुर्घटनेनंतर उघड झाले. याद्यांमध्ये जे उतरत नाही ते ज्ञान डोंगरात राहणाऱ्यांच्या तोंडी असते, आणि ते ऐकून घ्यायचे तर आधी त्यांना नीट संबोधावे लागते. तेव्हा ‘अहो’ म्हणण्याचा प्रश्न दिसतो तेवढा किरकोळ नाही.

उद्धटपणाची किंमत ताबडतोब दिसत नाही, हीच त्यातली अडचण. गट सोडून जाणारा भांडून जातो असे नाही. बहुतेक जण नुसते गप्प होतात. त्यांचे नाव यादीत राहते, पण हाकेला ओ येत नाही. यादी दोनशेची आणि रात्री दोन वाजता उठणारे सातच, अशी अवस्था झाली की ‘लोकांत पूर्वीची माणुसकी राहिली नाही’ असा सूर लागतो. माणुसकी कुठे गेली हे शोधायचे तर आधीच्या वर्षीचे संवाद पुन्हा वाचावेत.

जगातल्या सर्वांत मोठ्या ऑनलाइन स्वयंसेवी उपक्रमांपैकी एक असलेल्या विकिपीडियाला हाच अनुभव आला. इंग्रजी विकिपीडियावर सक्रिय संपादकांची संख्या २००७ नंतर घटू लागली. अभ्यासकांनी कारणे तपासली तेव्हा असे दिसले की चांगल्या हेतूने आलेल्या नवख्यांचे पहिलेवहिले काम तडकाफडकी, अनेकदा यांत्रिक पद्धतीने पुसले जात होते आणि ते परत येत नव्हते. काम पुसणारेही वाईट नव्हते. उपद्रवी मजकुराच्या लोंढ्याशी झुंजताना त्यांना नवखा आणि उपद्रवी यांत भेद करायला उसंत उरली नव्हती. उपाय म्हणून २०१२ साली तिथे नवख्यांसाठी ‘टीहाउस’ नावाचे एक दालन उघडण्यात आले. तिथे कुठलाही प्रश्न विचारावा, कितीही बाळबोध असो, आणि अनुभवी सदस्यांनी सौजन्याने उत्तर द्यावे. पुढे २०२१ मध्ये विकिमीडिया प्रतिष्ठानने सर्व प्रकल्पांसाठी समान आचारसंहिता जाहीर केली. आचारसंहिता हवीच, पण चहाच्या दालनाची कल्पना अधिक शहाणपणाची म्हणावी लागेल. ‘असे बोलू नका’ सांगणारे कागद पुष्कळ असतात, प्रश्न विचारायला हक्काची जागा क्वचितच असते.

स्वयंसेवकांचे आपसातील बोलणे बिघडले की त्याचे पडसाद संकटग्रस्तांशी होणाऱ्या वागण्यातही उमटतात. एक साधे, पावसाळ्यात रोज घडणारे उदाहरण घ्यावे. घरात साप शिरला म्हणून घाबरलेला माणूस गटात निरोप टाकतो. सर्पमित्र पोहोचेपर्यंत शेजाऱ्यांनी साप मारलेला असतो. मग त्या माणसाची जी हजेरी घेतली जाते ती पाहण्यासारखी असते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, साप मारणे चूक आहे, हे सारे खरे. परंतु ज्याच्या खाटेखाली लहान मूल झोपले होते त्याच्या भीतीला गटात जागाच नसेल, तर पुढच्या वेळी तो निरोप टाकणार नाही, थेट काठी उचलेल. सापांचेही त्यात नुकसानच.

रक्ताच्या निरोपांचे दुखणे याहून जुने. ‘तातडीने रक्त हवे’ असा संदेश तारखेविना फिरत राहतो. गरज संपल्यावर, कधी रुग्ण दगावल्यावरही, महिनोन्‌महिने त्या घरी फोन येत राहतात. फोन करणाऱ्याचा हेतू शुद्ध असतो. पण दुःखात असलेल्या घराला त्याच प्रसंगाचे उत्तर पुन्हा पुन्हा द्यायला लावणे हा क्रूरपणाच होय, आणि तो केवळ एका तारखेने टळला असता. एप्रिल-मे २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, प्राणवायू आणि खाटांचा शोध घेणाऱ्या अनेक स्वयंसेवकांनी ही शिस्त स्वतःहून लावून घेतली होती: प्रत्येक माहितीपुढे ती किती वाजता तपासली ते लिहायचे आणि गरज भागली की निरोप मागे घ्यायचा. लाट ओसरली तशी शिस्तही ओसरली.

छायाचित्रांबाबतही तसेच. मदतीच्या कामात छायाचित्र उपयोगी असते. वाट कुठे तुटली, ढिगारा किती, हे त्यातून कळते. परंतु मृतदेहाचे, आक्रोश करणाऱ्या बाईचे, चिखलातून काढलेल्या पोराचे छायाचित्र वाट दाखवत नाही. ते काढणाऱ्याची उपस्थिती तेवढी दाखवते. इर्शाळवाडीत शोध थांबल्यानंतर परिसरात जमावबंदी लागू करून बाहेरच्यांना अटकाव करावा लागला, यावरून बघ्यांचा ओघ किती असेल याची कल्पना यावी. आपले घर जिथे गाडले गेले ती जागा कुणाच्या तरी सहलीचे ठिकाण व्हावी, हे वाचलेल्यांनी का सोसायचे?

सौजन्याचा आग्रह धरताना एक सावधगिरी मात्र घ्यावी लागते. ‘गटात वाद नको’ या वाक्यामागे पुष्कळदा प्रमुखांची गैरसोय दडलेली असते. जमा झालेल्या पैशांचा हिशेब विचारणे, चुकीच्या जागी दोर बांधला असे सांगणे, प्रशिक्षण नसलेल्या पोरांना पाण्यात उतरवू नका म्हणून हटकणे, ही असभ्यता नव्हे. तिला असभ्यता ठरवणारा गट फार काळ सुरक्षित राहत नाही. उलट, गोड भाषेत पसरवलेली अफवा जीव घेते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. त्या आधीचे मोबाइलवरचे संदेश ‘आपल्या मुलांची काळजी घ्या, सर्वांना कळवा’ अशा हितचिंतकाच्या भाषेतच फिरत होते. तिथे ‘हे कशावरून?’ असे खडसावून विचारणारा एकजण हवा होता. सहृदयता म्हणजे गुळमुळीतपणा, हा गैरसमज म्हणूनच घातक आहे.

मग करायचे काय? प्रवचनांनी फारसे साधत नाही, हे आजवर दिसले आहे. सकाळी सुविचार पाठवणारे गट संध्याकाळी भांडतात. फरक पडतो तो व्यवस्थेने, आणि त्यातली बरीचशी व्यवस्था बिनखर्चाची आहे. फक्त प्रमुखांनाच संदेश टाकता येईल अशी सोय व्हॉट्सअॅपने २०१८ मध्येच दिली. बचावकार्य चालू असताना मुख्य गट असा बंद ठेवून चर्चेसाठी दुसरा गट ठेवला, तर डोंगरावर असलेल्याला शंभर निरोपांतून कामाचा एक शोधावा लागत नाही, आणि निम्मी भांडणे जन्मालाच येत नाहीत. मतभेद झाला की दोघांनी फोनवर बोलावे आणि जे ठरले तेवढेच गटात सांगावे, हा नियमही पाळण्याजोगा. चूक उघड सांगायची तर कृतीची सांगावी. माणसाची लायकी काढू नये. श्रेय देताना संस्थेच्या नावाआधी वाट दाखवणाऱ्या गावकऱ्यांचे नाव घ्यावे, अर्थात त्यांची हरकत नसेल तर.

प्रमुखाची जबाबदारी यात मोठी आहे. (‘अॅडमिन’ला चांगला मराठी शब्द अजून रुळलेला नाही, ‘गटप्रमुख’ म्हटले की राजकीय पक्षाची शाखा आठवते.) एखाद्या सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल केवळ प्रमुख आहे म्हणून कुणाला गुन्हेगार ठरवता येणार नाही, असा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये दिला. कायद्याच्या दृष्टीने तो योग्यच. परंतु कायद्याने सुटका झाली म्हणून कर्तव्य संपत नाही. गटात कोण बोलते याइतकेच कोण बोलेनासे झाले आहे, याकडे लक्ष ठेवणे हे प्रमुखाचे खरे काम. महिनाभर गप्प असलेल्याला एक फोन, ‘बरे आहात ना?’ एवढाच, हे दहा नियमांहून परिणामकारक ठरते. दोन रात्री जागलेल्याचा मोबाइल काढून घेऊन त्याला झोपायला पाठवणे हेही प्रमुखाचेच काम, मग त्याला राग आला तरी चालेल.

मृतदेह बाहेर काढणाऱ्या विशी-पंचविशीतल्या मुलांचे पुढे काय होते, हा प्रश्न यालाच जोडून येतो. झोप न येणे, विनाकारण चिडणे, घरच्यांवर ओरडणे ही लक्षणे अशा कामानंतर सर्वत्र आढळतात. जवानांना निदान आपली तुकडी असते, वरिष्ठ असतात. स्वयंसेवक सोमवारी सकाळी कामावर हजर होतो आणि आतले सारे गटातल्या एखाद्या निरुपद्रवी निरोपावर बाहेर पडते. ज्याला आपण गटातला भांडखोर समजतो तो कित्येकदा हा असतो. त्याला काढून टाकणे एका कळीचे काम आहे.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या ‘आपदा मित्र’ योजनेत स्वयंसेवकांना बारा दिवसांचे प्रशिक्षण दिले जाते. प्रथमोपचार, शोध, बचाव यांचे धडे त्यात असतात. स्थानिक मदतगटांना अशा प्रशिक्षणात सामील करून घेताना त्यातले काही तास बोलण्यासाठी राखून ठेवायला हरकत नाही. घाबरलेल्या माणसाकडून पत्ता कसा काढून घ्यावा, मृत्यूची बातमी नातेवाइकांना कुणी आणि कोणत्या शब्दांत द्यावी, ठाकर वाडीत गेल्यावर पहिला प्रश्न कुणाला विचारावा, हे दोर बांधण्याइतकेच शिकण्याचे विषय आहेत. शिकवणारे बाहेरून आणण्याची गरज नाही. इर्शाळवाडीतून वाचलेली माणसे याच तालुक्यात आहेत. त्या आठवड्यात कुणाचे बोलणे आधार वाटले आणि कुणाचे नकोसे झाले, हे त्यांच्याइतके नेमके दुसरे कोण सांगणार? त्यांना आमंत्रण मात्र गटावर निरोप टाकून नव्हे, घरी जाऊन द्यावे. आणि ही बैठक मेअखेरीस, पहिल्या सरीआधी व्हायला हवी. जूनमध्ये नदी चढू लागली की कुणाला वेळ नसतो.